सल्ला देतोय की विकतोय?

"आजी, तुझ्या नावानं एसआयपी सुरू करू का?" मी सहज विचारलं. आजीनं चहाची बशी खाली ठेवली. "एकदा झालं नं शहाणपण, माय. आता पैसा डब्यातच बरा."

या डब्यामागे एक गोष्ट आहे. पुलगावात आमच्या वस्तीत ओळखीतलाच एक जण दर आठवड्याला पैसे गोळा करायचा. कार्डावर सही करायचा, चहा प्यायचा, लग्नाकार्याला यायचा. एक दिवस तो आलाच नाही. आजी बुडालेल्या रकमेबद्दल फार बोलत नाही. "माणूस आपला होता नं," एवढंच म्हणते.

तुमच्याही घरात असा किस्सा असेलच. पीएसीएल आठवतेय? शेतजमिनीच्या नावावर देशभरातून हजारो कोटी जमा झाले. सेबीनं २०१४ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाला त्यासाठी समिती नेमावी लागली. म्हणून घरचे घाबरले तर त्याला अडाणीपणा म्हणू नका. तो अनुभव आहे.

आमच्या वस्तीत घरोघरी बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. पण आज वस्तीत पैशाबद्दल बोलायला येतो तो बहुतेक वेळा काहीतरी विकायलाच. कागद इंग्रजीत, सही मात्र 'इथं करा'.

मग विश्वास बसतो कुठं? बचत गटात! तिथं वही सगळ्यांसमोर वाचली जाते. कुणी किती भरले, कर्ज कुणाला दिलं, सगळं उघड. आपल्या भाषेत. सल्लागारांनी वस्तीत येण्याआधी हे शिकून घ्यावं.

आणि आपण? आपण चार गोष्टी तपासायच्या.

• सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'नं सुरू होतो. तो सेबीच्या वेबसाइटवर शोधा. असा सल्लागार फी तुमच्याकडून घेतो.
• म्युच्युअल फंड वितरकाकडे 'एआरएन' असतो. त्याला कमिशन फंड कंपनी देते. यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला माहीत हवं.
• पैसे व्यक्तीच्या खात्यात किंवा रोख देऊ नका. थेट कंपनीच्या नावे भरा, पावती घ्या.
• विमा पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. तेवढ्यात ती कुणाकडून तरी वाचून घ्या.

परवा एक जण घरी स्कीम समजवायला आला. आजीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बापू, यात तुले किती भेटते?" तो हसला, विषय बदलला. आजी उठून आत गेली.

डबा अजून तिथंच आहे. पण पुढच्या वेळी कुणी आलं की पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे मला समजलंय. तुम्हीही विचारा. जो न चिडता, आकड्यासकट उत्तर देईल, त्याच्याशीच पुढचं बोला.