पिसांचा रंग निराळा, जात मात्र एकच!

डिसेंबर २०१९ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरातील साउथ जॉर्जिया बेटावर बेल्जियमचे छायाचित्रकार यीव्ह अ‍ॅडम्स यांना एक विलक्षण पक्षी दिसला. किनाऱ्यावर राजा पेंग्विन पक्ष्यांची गर्दी होती. सगळ्यांच्या पाठी काळपट, पोटे पांढरी, गळ्यापाशी पिवळा रंग. त्यांच्यातच एक पेंग्विन असा होता की, त्याच्या अंगावर काळ्या रंगाचे नाव नव्हते. पाठ दुधाच्या सायीसारखी आणि गळा हळदीसारखा पिवळा! २०२१ च्या फेब्रुवारीत ही छायाचित्रे जगभर गाजली. त्याच बेटावर २०१० साली अँड्र्यू इव्हान्स या लेखकाने याच्या अगदी उलट, म्हणजे पोटापर्यंत काळा असलेला राजा पेंग्विन पाहिला होता.

असे काही जगावेगळे दिसले की, आपल्याकडे कुजबुज सुरू होते. कुणी त्याला दैवी चमत्कार म्हणतो, कुणी अपशकुन, तर कुणी मागच्या जन्मीचे पाप. आम्ही मात्र एवढेच विचारू, की याचे कारण काय? कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण पक्ष्याच्या पिसालाही लागू आहे.

पिसांचा काळा, करडा आणि तपकिरी रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. आपल्या केसांचा आणि कातडीचा रंगही याच द्रव्याचा. काही पक्ष्यांच्या शरीरात जन्मतःच हे द्रव्य तयार होत नाही. त्यांची पिसे पांढरी, डोळे गुलाबी आणि नजर अधू असते. काहींच्या शरीरात द्रव्य असते, पण ते पिसांपर्यंत नीट पोहोचत नाही. अशांची पिसे फिकी, डोळे मात्र नेहमीच्या रंगाचे. द्रव्य वाजवीपेक्षा जास्त झाले, तर पक्षी काळाभोर होतो. राजा पेंग्विनचा पिवळा रंग मेलॅनिनचा नाही, निराळ्या द्रव्याचा आहे. म्हणून त्या पक्ष्याचा काळा रंग गेला, पण पिवळा शिल्लक राहिला. हा प्रकार नेमका कोणता, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. पण चमत्कार कुणी म्हटले नाही.

असे पक्षी किती दुर्मीळ असतात? अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पावरील पाहणीचे आकडे २००० साली प्रसिद्ध झाले. जेंटू जातीच्या सुमारे २०,००० पेंग्विनांमागे एक, अ‍ॅडेलीच्या १,१४,००० मागे एक आणि चिनस्ट्रॅपच्या १,४६,००० मागे एक असा फिका पक्षी आढळला.

या निराळ्या रंगाची किंमत पक्ष्याला मोजावी लागते, हे खरे. पेंग्विनची काळी पाठ वरून पाण्यात मिसळून जाते आणि पांढरे पोट खालून उजेडात दिसत नाही. हे लपणे फिक्या पक्ष्याला जमत नाही. शिवाय मेलॅनिनमुळे पीस चिवट होते. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या पंखांची टोके काळी का, याचे एक कारण हेच. सर्वांत जास्त झीज तिथेच होते. पण ही अडचण ऊन, वारा, पाणी आणि शिकारी प्राण्यांमुळे येते. त्यात पाप-पुण्याचा संबंध नाही.

काही समुद्रपक्ष्यांत तर दोन रंग ही रोजचीच गोष्ट आहे. उत्तर ध्रुवाकडचा आर्क्टिक स्कुआ दुसऱ्या पक्ष्यांची मासळी हिसकावून खाणारा. त्याच्यात काही पक्षी गडद, तर काही पांढऱ्या पोटाचे. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर गडद जास्त, उत्तरेला स्वालबार्डकडे फिके जास्त. त्यांच्यात सर्रास जोड्या जमतात. हा फरक मुख्यतः एका जनुकातील बदलाचा आहे, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

एवढ्या लांब जायलाही नको. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या चिखलात आणि खडकांवर एक बगळा दिसतो. पक्षी-अभ्यासक त्याला रीफ बगळा म्हणतात. त्यातला एक पाटीसारखा काळसर राखाडी, दुसरा पांढराशुभ्र. पाहणाऱ्याला वाटते, हे दोन वेगळे पक्षी. पण ते एकाच जातीचे आहेत आणि दोन्ही रंगांचे पक्षी एकमेकांशी जोडी जमवतात!

इथे वासेट्ठ सुत्ताची आठवण होते. माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, असा वाद घेऊन दोन तरुण भगवान बुद्धांकडे आले. भगवंतांनी सांगितले की, गवत, झाडे, कीटक, साप, मासे, पक्षी यांत जातीजातींच्या निरनिराळ्या खुणा दिसतात. माणसांत तशा खुणा नाहीत. केस, डोळे, हात यांत नाहीत आणि रंगातही नाहीत! म्हणजे पक्ष्यांत निदान जाती खऱ्या आहेत. आणि तिथेही नुसत्या रंगाने जात बदलत नाही. मग माणसाची प्रतवारी रंगावरून करणाऱ्याला काय म्हणावे?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात जात म्हणजे वंश, हा दावा खोडून काढला. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे पुरावे तपासून तेच सिद्ध केले.

तरीही आपल्या घरात काय चालते? वधू-वर परिचय मेळाव्यात मुलगी किती शिकली, हे विचारण्याआधी ती गोरी आहे का, हे विचारले जाते. सावळ्या लेकीला तिची आजीच हळद-साय चोळत बसते. अंगावर कोड उठलेल्या मुलीचे लग्न मोडते आणि तिचा पेला वेगळा ठेवला जातो. माता-भगिनींनो, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला हवे का?

कोड स्पर्शाने पसरत नाही आणि तो कुष्ठरोगही नव्हे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून रंग तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करते, म्हणून पांढरे डाग पडतात. जन्मतःच ज्या मुलाच्या अंगात रंग नाही, त्याला नवस आणि गंडेदोरे नकोत. त्याला उन्हात टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्गात फळ्याजवळची जागा हवी.

रंगाचा दोष मुलांच्या अंगात नाही, तो पाहणाऱ्याच्या मनात आहे. पुढच्या मेळाव्यात मुलाचा वा मुलीचा परिचय लिहिताना रंगाचा रकाना कोरा सोडा. शिक्षण, शील आणि स्वभाव यांसाठी तेवढीच जागा जास्त मिळेल!