छाटलेलं धुराडं

इंग्लंडमधल्या क्रॉफ्टन पंपघरातल्या हार्वेच्या इंजिनाला आणखी एक आठवडा थांबावं लागणार. गेल्या लेखांकात त्याचा वायदा झाला होता खरा, पण मधेच गडहिंग्लजकडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. घरी दोन पिढ्यांचं गुऱ्हाळ असलेले हे गृहस्थ विचारतात, की क्रॉफ्टनच्या मंडळींनी १९७०मध्ये इंजिन सुरू केलं, पुढची पंचवीसएक वर्षं ते पंख्याच्या वाऱ्यावर बिनतक्रार चाललं, मग धुराड्याचे छाटलेले ३६ फूट पुन्हा बांधायचा खटाटोप कशासाठी? फोटो चांगला येतो म्हणून?

प्रश्न खोचक आहे, पण विचारणाऱ्याने चुलवणासमोर बसून धूर खाल्लेला आहे. उत्तर नीट द्यायला हवं.

क्रॉफ्टनचं धुराडं मुळात ८२ फुटांचं. १९५८मध्ये त्याचा वरचा भाग धोकादायक झाला म्हणून ३६ फूट उतरवला गेला आणि उरलं ते ४६ फुटांचं थोटूक. विटांच्या धुराड्याचं दुखणं बहुधा शेंड्याकडूनच सुरू होतं. वर जाईतो धूर निवतो, कोळशातलं गंधक ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि ते विटांमधला चुना खात बसतं. वरून पाऊसवारा असतोच. त्या छाटणीनंतर १८१२चं बोल्टन-वॉटचं इंजिन आणि त्याचा धाकटा भाऊ, १८४६चा हार्वे, या दोघांनाही पुरेसा वारा मिळेना. त्यांचा श्वास कोंडला होता. केनेट अँड एव्हन कालव्याच्या माथ्यावरच्या टप्प्याला पाणी पुरवायचं त्यांचं काम पुढे विजेच्या पंपांकडे गेलं.

धुराडं धूर उंचावर सोडण्यासाठी असतं, असा आपला समज. ते त्याचं दुय्यम काम. घरच्या चुलीला फुंकणी लागते, कारण जाळाला वारा हवा. बॉयलरची फुंकणी म्हणजे धुराडं, फरक इतकाच की ते फुंकत नाही, ओढतं. आतला तापलेला वायू बाहेरच्या हवेहून हलका असतो. तो वर चढतो आणि त्याच्या मागे शेगडीच्या जाळीतून ताजी हवा आत खेचली जाते. ही ओढ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: वायू किती तापलेला आणि धुराडं किती उंच. बॉयलरवरची माणसं तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात.

हिशेब कागदाच्या कपट्यावर होतो. ८२ फूट म्हणजे २५ मीटर. आतला वायू अडीचशे अंशांच्या आसपास असेल तर ओढ मिळते साधारण १३ मिलिमीटर. ४६ फुटांना तीच ७ मिलिमीटरवर येते. सहा मिलिमीटरचा तर फरक, त्याने एवढं काय बिघडतं, असं वाटेल. पण क्रॉफ्टनचा बॉयलर लँकेशायर जातीचा आहे, मुंबईच्या गिरण्यांत असायचे तसाच. त्याच्या पोटातून दोन मोठ्या नळ्या आरपार जातात आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक भट्टी. जाळ नळीतून मागच्या टोकाला जातो, तिथून खाली वळून पोटाखालून पुढे येतो, मग दोन्ही कुशींना घासत पुन्हा मागे जातो आणि तेव्हा कुठे धुराड्याच्या वाटेला लागतो. बॉयलरची लांबी त्याला तीनदा पार करायची असते, काजळी धरलेल्या विटांच्या भुयारांतून. निम्म्या ओढीत तेवढं अंतर तोडताना विस्तव धुमसतो, कोळसा अर्धवट जळतो आणि वाफेचा दाब चढत नाही.

केनेट अँड एव्हन कालव्याच्या ट्रस्टने १९६८मध्ये हे पंपघर विकत घेतलं तेव्हा इंजिनं गंजलेली आणि धुराडं हे असं. पैसे मोजके, अंगमेहनत हौशी स्वयंसेवकांची. त्यांनी धुराड्याला हात न लावता वाटेत विजेचा पंखा बसवला. प्रस्तुत लेखकाला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. बघायला येणारा माणूस इंजिनाच्या हलणाऱ्या तुळईसाठी येतो, विटांसाठी नव्हे. आधी इंजिन हललं म्हणून माणसं आली आणि माणसं आली म्हणून पंपघर टिकलं. १९७०मध्ये उद्घाटनाला कवी सर जॉन बेटजमन आले होते. लंडनच्या यूस्टन स्थानकाची कमान वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करून ती पडताना पाहिलेला हा माणूस. त्या दिवशी पंपघरावर उभं होतं ते थोटूकच.

मात्र पंख्यात एक गोम होती. क्रॉफ्टनची इंजिनं नुसती दाखवायची नाहीत. विजेचे पंप बंद पडले तेव्हा कालव्याचा माथा भरायला वाफेची इंजिनं खरोखरच कामाला जुंपली गेली आहेत. तुळईच्या एका झोक्याला सुमारे एक टन पाणी चाळीस फूट वर जातं. वॉटचं इंजिन जुन्याच जागी जुनंच काम करतं, हा त्याचा जगभर मिरवायचा मान. आता समजा, वीजच गेली. पंप बसले, तसा पंखाही बसणार! म्हणजे विजेला पर्याय असलेलं इंजिन स्वतःच्या श्वासासाठी विजेच्या तोंडाकडे बघत राहणार. १९९६-९७मध्ये धुराडं पुन्हा ८२ फुटांचं झालं तेव्हा ही गोम निघाली. आता भट्टी पेटली की ओढ आपोआप सुरू होते, बटण कुठलंच दाबावं लागत नाही.

तेव्हा गडहिंग्लजकरांना उत्तर असं, की फोटो चांगला येतोच, पण ते ३६ फूट इंजिनाचाच भाग होते. पिस्टनइतकेच.

आपल्याकडे नेमकी उलटी गत. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी उभी आहे, तिच्याखाली मॉल आहे. गिरणगावात अशा चिमण्या राखल्या गेल्या, कारण त्या दुरून दिसतात. त्यांना धूर पुरवणारे बॉयलर भंगारात गेले. राखलं ते बरंच झालं, याबद्दल तक्रार नाही. पण क्रॉफ्टनला इंजिन होतं आणि धुराडं नव्हतं, इथे धुराडं आहे आणि त्याने ओढावं असं काहीच उरलं नाही.

या निमित्ताने एक विनंती. लँकेशायर बॉयलरच्या धुराच्या वाटेत एक सरकती झडप असते, डॅम्पर. ती किती उघडायची हे बॉयलरवरची जुनी माणसं जाळाच्या रंगावरून ठरवत. गिरणीत किंवा साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेलं कुणी हे वाचत असेल, तर जाळाच्या त्या रंगांना तुमच्या पाळीत कोणती नावं होती ते जरूर लिहून पाठवा. गुऱ्हाळवाल्यांनीही पाठवावीत. हार्वे पुढच्या आठवड्यात.