नियम बदला, पण सर्वांसमक्ष!

ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्सपासून चोळेगावच्या चाळींपर्यंत आपली मुले कुठे ना कुठे एखाद्या विद्यार्थी मंडळात असतात. विहारातली अभ्यासिका, वह्यावाटप, जयंतीची व्याख्याने ही कामे हीच मुले अंगावर घेतात. मंडळ म्हटले की पदाधिकारी आले, त्यांची निवडणूक आली आणि निवडणूक तोंडावर आली की कुणीतरी नियम बदलायला निघतो. ‘वर्षाची वर्गणी चुकती केली त्यालाच मत’, ‘अध्यक्ष पदवीधरच हवा’. असे नियम वाईटच असतात असे आमचे म्हणणे नाही. आम्ही एवढेच विचारतो की ते कोण बदलतो, केव्हा बदलतो आणि कुणाच्या माघारी बदलतो?

हा प्रश्न आपल्या धम्माला नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, कोरम, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्खू संघाला माहीत होते. विनयाचे नियम पाहिले की त्याची साक्ष पटते. संघापुढे आधी ठराव मांडायचा, मग महत्त्वाच्या कामी तो तीनदा वाचून कुणाचा विरोध आहे का हे पाहायचे. मतभेद राहिलाच तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या वाटून बहुमत घ्यायचे. काड्या वाटणारा भिक्खूसुद्धा संघानेच नेमायचा. तो मर्जी, द्वेष, अज्ञान वा भय यांच्या आहारी न जाणारा असला पाहिजे, अशी अट होती.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो आजारी भिक्खूचा नियम. त्याने आपली संमती दुसऱ्याजवळ पाठवावी. ते जमत नसेल तर त्याला खाटेसह सभेत आणावे. हलवणे धोक्याचे असेल तर संघाने त्याच्याकडे जावे. पण त्याला वगळून अपुऱ्या संघाने काम उरकू नये!

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्खूंनी ज्या दहा सवलती घेतल्या, त्यांत एक होती ‘अनुमतिकप्प’. थोड्या जणांनी आधी निर्णय घ्यायचा आणि गैरहजर भिक्खू आले की मागाहून त्यांची संमती घ्यायची. यश थेरांनी या दहा गोष्टींना हरकत घेतली. वाद पूर्वेच्या चार आणि पश्चिमेच्या चार थेरांच्या समितीकडे गेला आणि दहाही गोष्टी अयोग्य ठरल्या. पैसे स्वीकारण्याची सवलत त्यांत होती, ती सर्वांना आठवते. अनुमतिकप्प मात्र कुणाला आठवत नाही. ‘आम्ही ठरवलंय, तू फक्त सही कर’ हे त्याचेच आजचे रूप.

कॉलेजांचा अनुभव पाहा. निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांनंतर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वर्गावर्गातल्या गुणवंतांना विद्यार्थी परिषदेवर नेमण्याची पद्धत आणली. हाणामारी थांबणे चांगलेच. पण डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाळी करून शिकणारा मुलगा वर्गात पहिला कधी यायचा? त्याचे मतच गेले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी मान्य केल्या. त्यात उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा होती आणि छापील पोस्टरला बंदी. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात निवडणूक परत आणली. त्यात मुलींसाठी एक पद आहे आणि अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त व इतर मागासवर्ग यांच्यासाठी चिठ्ठी टाकून फिरते पद आहे. २०१९ साली निवडणुका जाहीर झाल्या आणि लगेच लांबणीवर पडल्या. मुले वाट पाहत राहिली.

आपल्या मंडळाला सरकारची वाट पाहावी लागत नाही. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यात संस्थेचा उद्देश बदलायचा तर दहा दिवस आधी प्रस्ताव सभासदांकडे पोचवावा लागतो, तीन पंचमांश मते लागतात आणि महिन्याने दुसऱ्या सभेत तो पुन्हा मंजूर करावा लागतो. मंडळ नोंदलेले नसले म्हणून ही रीत उचलायला कोण अडवतो? महिन्याभरात रागही उतरतो आणि गावी गेलेला परततो. आणि नवा नियम चालू निवडणुकीला लावूच नये, पुढच्या वर्षापासून लावावा. पुढच्या वर्षी कोण उभे राहील हे आज कुणालाच ठाऊक नसते, म्हणून हात वर करताना आपला-परका पाहायचे कारण उरत नाही. वर्गणीची अट घालायचीच तर वर्षाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहावी. ज्याच्या वडिलांची पाळी बंद आहे त्याला हप्ता द्यावा.

सभा रात्री दहाला ठेवली की मुली येत नाहीत आणि मग ‘मुलींना रस नाही’ असे अहवालात लिहिले जाते. रविवारी सकाळी अकराला वंदनेनंतर ठेवून पाहा. रात्रपाळीवाल्याला लेखी मत पाठवू द्या. आणि चिठ्ठ्या मोजायला उमेदवाराचा भाऊ बसवू नका. विहारात रोज येणाऱ्या एखाद्या आजीला बसवा, वाचून दाखवायला शेजारी शाळेतली मुलगी द्या.