ट्राऊट समोर दिसतोय, पण गळाला लागत नाही? फ्लाय फिशिंगमध्ये गडबड नेमकी इथे होते

समजा, तुम्ही हिमाचलच्या तीर्थन नदीवर गेलात. मत्स्य विभागाचा परवाना काढला, छडी भाड्याने घेतली. पाणी काचेसारखं, ट्राऊट डोळ्यांना दिसतोय. पण संध्याकाळ झाली तरी हाती भोपळाच!

दोष नशिबाचा नसतो, पद्धतीचा असतो.

हे 'गरवणं' नाही

कोकणात आपण गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो, शिसं बांधतो आणि भिरकावतो. शिशाचं वजन दोरी ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा. त्याला वजन जवळपास नसतंच. वजन असतं जाड दोरीला. तुम्ही दोरी फेकता, किडा तिच्यामागून जातो.

जोर नको, थांबा

नवशिके मनगटाने जोरात फटका मारतात. त्याऐवजी बाजूला घड्याळाची तबकडी आहे असं समजा. छडी मागे नेताना साधारण 1 वाजता थांबवा. दोरी मागे सरळ होईपर्यंत क्षणभर वाट बघा. मग पुढे आणून 10 वाजता थांबवा. घाई केलीत तर चाबकासारखा आवाज येतो आणि अनेकदा किडाच तुटून जातो. शिवाय लांब फेकायची हौस आवरा. जवळची, पण अचूक फेक जास्त मासे देते.

खरी मेख: वाहता किडा

पाण्यात पडलेला खरा किडा प्रवाहाच्या वेगानेच वाहतो. तुमची दोरी मात्र मधल्या वेगवान पाण्यात अडकते, फुगते आणि किड्याला फरफटत नेते. ट्राऊटला ते लगेच कळतं. उपाय सोपा आहे. दोरी पाण्यावर पडली की छडीचं टोक उचलून दोरीचा फुगलेला भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा. किडा मोकळा वाहू लागेल. फेक साधारण असली तरी चालते, पण ही एक सवय लागली की फरक दिसतो.

मासा कुठे असतो?

ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने, म्हणजे त्याच्या पाठीमागून जा. त्याला कमी मेहनतीत जास्त खायचं असतं. त्यामुळे दगडामागे किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे मिळतं त्या रेषेवर तो थांबतो. किडा तिथे सोडा.

आणखी एक. ट्राऊटचं बहुतांश खाणं पाण्याखाली होतं. पृष्ठभागावर हालचाल नसेल तर तरंगणारा फ्लाय सोडा आणि बुडणारा, अळीसारखा फ्लाय लावा. कोणता? काठाजवळचे दोन-तीन दगड उलटून बघा. खाली चिकटलेल्या अळ्यांचा रंग आणि आकार तेच सांगतो. दगड मात्र होता तसा परत ठेवा.

दोरी जराशी जरी अडखळली तरी छडी हलकेच उचला. झटका जाणवेपर्यंत थांबलात तर मासा किडा थुंकून मोकळा होतो.

लागला! आता?

मासा सोडून देणार असाल तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. गळाची उलटी नख पक्कडीने आधीच दाबून ठेवलीत तर गळ पटकन निघतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवा. फोटो हवाच असेल तर फोनवाल्याला आधी तयार ठेवा. मासा प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा.

1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलमध्ये ट्राऊटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ. इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेला हा मासा आज इथे टिकून आहे, त्यात या बंदीचाही वाटा आहे. तेव्हा तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. पुढच्या वर्षी मासा लागायचा असेल, तर यंदाचा नीट सोडायला हवा.