तालमीचा कारभार आणि पक्षाचा फलक

लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करणारे स्वामी कुवलयानंद हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांपाशी व्यायामविद्या शिकलेले आणि लोकमान्यांच्या विचारांनी भारावलेले असल्यामुळे देशकारणाविषयी खचितच उदासीन नव्हते. तथापि त्यांनी उभारलेल्या संस्थेचे कार्य योगाच्या शास्त्रीय संशोधनाचेच राहिले.

मावळातील तालमींना हाच विवेक आज हवा आहे. हौद्यातील तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, हळद आणि लिंबू कालवणारी पोरे निरनिराळ्या पक्षांच्या घरांतून येतात आणि लंगोट कसून एकाच मातीत उतरतात. परंतु दारावर एखाद्या उमेदवाराचा फलक चढला, की विरुद्ध बाजूच्या घरची पोरे हळूहळू येईनाशी होतात, आणि सत्तापालट झाल्यावर छपराच्या दुरुस्तीची दरखास्तही दप्तरात पडून राहते. राजकीय पुढाऱ्यांचा वरचष्मा असलेल्या दोन संघटनांच्या वादापायी २०२५ साली अहिल्यानगरास एक आणि कर्जतास दुसरी, अशा दोन ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा भरल्या. यात मल्लांच्या कष्टांची केवढी अप्रतिष्ठा झाली!

पुढाऱ्याने देणगी अवश्य द्यावी. तिची रीतसर पावती फाडून जमाखर्चात नोंद व्हावी, फलकावर नाव मात्र तालमीचेच असावे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी मंत्र्यांना क्रिकेट नियामक मंडळाच्या पदांपासून दूर ठेवले. तसाच दंडक मावळातील पंचांनी आपल्या घटनेत आपण होऊन घालावा: निवडणुकीस उभे राहणाऱ्याने आधी तालमीचे पद सोडावे.