बांधिलकी एकट्या वैमानिकाचीच का?

खेडजवळचा भोस्ते घाट रात्री उतरणाऱ्या एस. टी.तील प्रवासी निर्धास्त झोपतात, ते चालकाच्या जागेपणावर विसंबून. त्याचे वेतन वेळेवर होते काय, त्यास पुरेसा विसावा मिळतो काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचारी राज्यभर संपावर गेले आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत गावोगावची वाहतूक विस्कळीत राहिली, तेव्हा कोठे हा प्रश्न कोकणातील घराघरांत पोहोचला. खाजगी विमानांच्या वैमानिकांचा प्रश्न मुळात याहून निराळा नाही. वेतनाचे आकडे मोठे असल्यामुळे तो तसा भासतो, इतकेच.

कंपन्यांची तक्रार अशी की, प्रशिक्षणावर खर्च एकाने करावा आणि तयार झालेला वैमानिक अधिक वेतनाच्या आमिषाने दुसऱ्याने उचलून न्यावा. ही तक्रार अगदीच निराधार नव्हे. २०२३ साली मुंबईच्या ‘अकासा एअर’चे ४३ वैमानिक सूचनेची मुदत पुरी न करता निघून गेल्याचे कंपनीने न्यायालयात सांगितले. उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढली. तत्पूर्वी, २०१७ मध्येच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कप्तानांची सूचना-मुदत सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली होती. सहवैमानिकांसाठी ती सहा महिनेच राहिली.

परंतु हे बंधन एकाच बाजूने घट्ट का असावे? १७ एप्रिल २०१९ रोजी ‘जेट एअरवेज’ची उड्डाणे थांबली, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे वेतन थकलेले होते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पुरे करावे लागते. त्यापायी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाचे हप्ते कंपनी बुडाली म्हणून थांबत नाहीत. ज्या मालकास वेतनाची शाश्वती देता येत नाही, त्याने एक वर्षाच्या निष्ठेचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा?

शिवाय, प्रश्न केवळ पैशाचा नाही. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणारा नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यास पुरेल इतके मनुष्यबळ ‘इंडिगो’ने सिद्ध ठेवले नव्हते. परिणामी डिसेंबरात हजारो उड्डाणे रद्द झाली आणि अखेर नियमालाच तात्पुरती मुरड घालावी लागली. पूर्वतयारीत कसूर कंपनीची, आणि तडजोड मात्र विश्रांतीशी, असा हा उफराटा न्याय झाला.

वैमानिक टिकवावयाचे तर करारातील दंडाची कलमे वाढवून भागणार नाही. वेळेवर वेतन, ठरलेली विश्रांती आणि दोन्ही पक्षांस सारखीच लागू होणारी मुदत, या तीन गोष्टींची हमी शासनाने घ्यावयास हवी. थकलेल्या माणसास कायद्याने जागेवर बसविता येईल. जागे ठेवता येणार नाही.