६४ बिटचा लॅपटॉप, ३२ बिटचा वॉचमन

(भागाचं शब्दांकन. माझे ‘अं... म्हणजे...’ काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग महापे एमआयडीसीतून. ऑफिस सुटलंय, कॅन्टीन रिकामं आहे, आणि माझ्यासमोर टेबलावर एक जुना, ११ इंची, प्लास्टिकचा लॅपटॉप आहे. गेले तीन आठवडे याने माझी झोप उडवली होती.

हा लॅपटॉप आमच्या कॅन्टीनमधल्या मावशींच्या मुलीचा. ती सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसतेय, इंग्रजी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्द. क्लासमध्ये रोज एकच तास मिळतो, त्यात हात बसत नाही. मावशी मला म्हणाल्या, “दादा, तुम्ही काँप्युटरवाले ना? हा घरात पडून आहे. दुकानवाला म्हणतो भंगारात द्या.” मी म्हटलं, “मावशी, दोन तासांत करून देतो.” हे वाक्य बोलून मी फसलो.

चालू केला. विंडोज १० उघडायलाच चार मिनिटं. स्टोरेज ३२ जीबी, त्यात रिकामी जागा ६०० एमबी. अपडेट उतरायलाही जागा नाही, आणि तसंही विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. यात रॅम २ जीबी. म्हणजे तो रस्ता बंद. मग लिनक्स. मुलीचे फोटो आणि दहावीच्या मार्कशीटचे स्कॅन आधी हार्ड डिस्कवर काढून घेतले. हे काम सगळ्यात आधी, कितीही घाई असली तरी.

पेनड्राइव्हवर एका लोकप्रिय लिनक्सची ६४ बिटची इमेज टाकली, सिक्युअर बूट बंद केलं, पेनड्राइव्हवरून बूट करायला सांगितलं. स्क्रीन एकदा काळी झाली आणि परत विंडोज! एरर नाही, काही नाही. पेनड्राइव्ह लावलाच नव्हता असं वागत होता. दुसरा पेनड्राइव्ह घेतला, दुसरा पोर्ट घेतला, इमेज परत उतरवली. संध्याकाळ गेली.

उत्तर विंडोजच्याच सेटिंगमध्ये लिहिलेलं होतं. ‘अबाउट’मध्ये जा. तिथे सिस्टम टाइपपुढे लिहिलं होतं: ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ प्रोसेसर. तुमच्याही घरी २०१४ ते २०१६ मधला स्वस्त लॅपटॉप किंवा कीबोर्डवाला टॅब्लेट असेल, तर ही ओळ बघा. आत इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ किंवा त्याचं भावंड असेल, तर तुमचीही हीच गोष्ट असण्याची शक्यता दाट आहे. आपल्याकडे या चिपच्या मशीन खूप विकल्या गेल्या. २०१६ मध्ये आयबॉलचा कॉम्पबुक ९,९९९ रुपयांत आला, तेव्हा किती जणांच्या घरात पहिला लॅपटॉप आला असेल! (मावशींचा कोणत्या कंपनीचा, ते सांगत नाही. त्याने फरक पडत नाही.)

आता खरा मुद्दा. बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्सच्या आधी एक छोटा प्रोग्राम चालतो, तो फर्मवेअर. पूर्वी त्याला बायोस म्हणायचे, आता यूईएफआय. त्याला एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन समजा. पेनड्राइव्ह आला की तो त्यातल्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये जातो आणि ठरलेल्या एकाच नावाची फाइल शोधतो. ६४ बिटचा वॉचमन शोधतो ‘बूटएक्स६४ डॉट ईएफआय’. ३२ बिटचा शोधतो ‘बूटआयए३२ डॉट ईएफआय’. त्याला हवं ते नाव यादीत नसेल तर तो वाद घालत नाही, सरळ पुढच्याला बोलावतो. इथे पुढचा म्हणजे विंडोज. माझ्या पेनड्राइव्हवर फक्त पहिली फाइल होती.

मग ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटचा वॉचमन बसवला कोणी? विंडोजला स्वतःच्याच मापाचं फर्मवेअर लागतं. ३२ बिट फर्मवेअरवर ६४ बिटचं विंडोज सुरूच होत नाही. कमी रॅम आणि कमी स्टोरेजच्या या मशीनवर ३२ बिटचं विंडोज टाकून विकायचं होतं, कारण ते जागा कमी खातं. म्हणून फर्मवेअरही ३२ बिट. ग्राहक दुसरी सिस्टम टाकेल हा विचार हिशोबातच नव्हता. बरं, हे फक्त स्वस्त मालाचं दुखणं नाही. २००६ च्या मॅक प्रोमध्येही ६४ बिटचा झिऑन होता आणि फर्मवेअर ३२ बिट.

लिनक्सने यावर वाट काढली ती २०१४ मध्ये. कर्नल ३.१५ मध्ये ‘ईएफआय मिक्स्ड मोड’ आला, म्हणजे ६४ बिटचा कर्नल ३२ बिटच्या फर्मवेअरशी बोलू लागला. पण कर्नलपर्यंत पोचायला आधी गेट उघडायला हवं, म्हणजे ती फाइल हवी. डेबियनवाल्यांनी एप्रिल २०१५ च्या जेसी आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्ये याची सोय केली. म्हणून मी डेबियन १२ घेतलं. पेनड्राइव्ह लावला आणि निळा मेनू समोर! मी कॅन्टीनमध्ये एवढ्या जोरात ओरडलो की मावशी आतून धावत आल्या.

इन्स्टॉल करताना वायफाय सापडेना, तेव्हा फोन कामाला आला. केबलने फोन जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, इन्स्टॉलरला ते नेटवर्क कार्ड वाटतं. चार्जिंगची केबल चालेलच असं नाही हं, डेटा जाणारी हवी.

सगळं झालं, रीस्टार्ट केलं, आणि परत काळी स्क्रीन. या फर्मवेअरची दुसरी खोड अशी, की नवीन सिस्टमने केलेली नोंद ते लक्षातच ठेवत नाही. वॉचमन रोज सकाळी रजिस्टर फाडतो म्हणा ना. उपाय इन्स्टॉलरमध्येच आहे. ग्रब बसवताना ‘रिमूव्हेबल मीडिया पाथ’मध्येही टाकू का, असं तो विचारतो. त्याला हो म्हणायचं. मग ग्रबची प्रत त्याच ठरलेल्या नावाने डिस्कवर बसते. मी पहिल्यांदा वाचता नाही म्हटलं होतं.

या टप्प्यावर एका मित्राने सल्ला दिला, “लॅमिंग्टन रोडवरून प्रोग्रामर आण आणि ६४ बिटचं फर्मवेअरच फ्लॅश कर.” नका करू. दुसऱ्या बोर्डचं फर्मवेअर टाकलं तर मशीन जागेवर मरते, आणि इथे मशीन माझी नव्हती. वॉचमन बदलायची गरजच नाही, त्याला हवं ते नाव दिलं की तो गेट उघडतो.

लॅपटॉप दिला. दुसऱ्या दिवशी मावशी: “दादा, पोरगी म्हणते मधेच हँग होतोय. टाइप करताना नाही, थांबली की.” हे ऐकलं आणि ट्यूब पेटली. या पिढीच्या अ‍ॅटमचं हे प्रसिद्ध दुखणं आहे. काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपेत जातो आणि कधीकधी उठतच नाही. लिनक्सवाले यावर कित्येक वर्षं भांडत होते. इलाज म्हणजे कर्नलला एक सूचना: ‘इंटेल_आयडल डॉट मॅक्स_सीस्टेट बरोबर १’. ग्रबच्या सेटिंगमध्ये ती लिहायची आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. मग प्रोसेसर डुलकी घेतो, गाढ झोपत नाही. किंमत बॅटरीची. आता चार्जर लावूनच बसावं लागतं.

आज काय चालतं ते सांगतो. एक्सएफसीई डेस्कटॉप चालतो, ब्राउझरचे दोन-तीन टॅब चालतात, टायपिंगसाठी ‘क्लावारो’ छान चालतो. वायफाय चालतं, पण राऊटर त्याच खोलीत हवा. स्पीकरमधून आवाज अजून येत नाही, हेडफोनमधून येतो. कॅमेऱ्याचा नाद मी सोडलाय. हे मुलीला आधीच सांगितलं, कारण चार दिवसांनी कळलं तर तिला वाटेल तिनेच काहीतरी बिघडवलं.

हँग होणं थांबल्याला नऊ दिवस झाले. तिचा वेग काल ३४ होता. परीक्षेला ११ दिवस आहेत. लॅपटॉप आज माझ्याकडे आहे तो फक्त ‘ई’ची की अडकते म्हणून, आणि इंग्रजी टायपिंगमध्ये ‘ई’ अडकणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. की काढली, खाली बिस्किटाचा चुरा निघाला. मावशींची शेवटची ट्रेन चुकायच्या आत परत द्यायचाय, तेव्हा मी इथेच थांबतो. तुमच्या मशीनची ‘अबाउट’मधली ती ओळ काय म्हणते, मला व्हॉइस नोटने कळवा.